श्री. एनडीएम-१ यांस, मुक्काम पोस्ट सर्वत्र

रा. रा. एनडीएमराव यांस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर पत्ता काय घालावा, इथेच गाडी अडली. तुम्ही जंतू असता तर सोपं होतं. तुम्ही पडलात जनुक. जंतूच्या पोटात डीएनएचं एक सुटं कडं असतं, प्लाझ्मिड नावाचं. त्यावर तुमची जागा. आज क्लेब्सिएलाकडे मुक्काम, उद्या ई. कोलायकडे, परवा असिनेटोबॅक्टरकडे. आयसीयूतल्या बेसिनच्या जाळीखाली तुम्ही असता, पेशंटच्या लघवीच्या नळीत असता, आणि ज्याला साधी शिंकही आलेली नाही अशा धडधाकट माणसाच्या आतड्यातही बिनबोभाट राहता. म्हणून ‘सर्वत्र’ लिहून मोकळा झालो. पोहोचेलच.

मी कोण म्हणाल, तर मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये प्लेटा वाचणारा माणूस. सकाळी इन्क्युबेटर उघडला की पहिलं दर्शन बहुधा तुमच्या लाडक्या यजमानांचं, क्लेब्सिएलाचं. मॅकॉंकी अगरवर गुलाबी, फुगीर, बुळबुळीत वसाहती. लूप टेकवून उचलला तर कधीकधी तारही निघते. तुम्ही स्वतः दिसत नाही. तुमची करणी दिसते.

आणि करणी मानायलाच हवी. तुमची सगळी कुंडली ८१३ अक्षरांत मावते. त्यातून २७० अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं, बस्स. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या नोटिशीत याहून जास्त अक्षरं असतात आणि तिच्यानं एक स्कूटर हलत नाही. तुम्ही ८१३ अक्षरांत आयसीयूतली औषधांची ट्रॉली रिकामी करता. त्यातही पहिली सहा अमिनो आम्लं तुमची स्वतःची नव्हेतच. अ‍ॅमिकासिनला दाद न देणारं एक जुनं जनुक आहे, त्याचं तोंड कापून तुम्हाला चिकटवलेलं दिसतं. हे जोडकाम बहुधा असिनेटोबॅक्टरच्या पोटात झालं असावं, असं २०१२ साली संशोधकांनी दाखवलं. म्हणजे जन्मापासूनच उसनवारी. पण उसनवारीला नावं ठेवणारे आम्ही कोण?

तुमचं काम काय, हे वाचकांसाठी सांगतो. पत्र खुलं आहे. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम ही एकाच घराण्यातली औषधं. प्रत्येकाच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. जंतू आपली पेशीभित्ती बांधायला घेतो, तेव्हा बांधकाम करणाऱ्या प्रथिनाला हे कडं जाऊन चिकटतं. काम ठप्प होतं आणि जंतू फुटतो. कडं मोडलं की औषध संपलं. मोडण्याची ही विद्या तुमच्या आधीपासूनची. ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम जंतूंत असतं, हे १९४० साली छापलं. तेव्हा तिथे पेनिसिलिनचं इंजेक्शन रुग्णाला टोचायचं अजून बाकी होतं. औषध यायच्या आधी तोड हजर, ही तुमच्या जमातीची शिस्त.

मग आम्ही नवं औषध काढावं, जंतूंनी नवं एन्झाइम काढावं, असं चालू राहिलं. १९८५ साली अमेरिकेत इमिपेनेमला परवानगी मिळाली आणि कार्बापेनेमांचं युग सुरू झालं. पाठोपाठ मेरोपेनेम. त्या काळच्या बहुतेक एन्झाइमांना ही कडी मोडेनात. डॉक्टर मंडळी खूश. बाकी काही लागू पडलं नाही तर हे आहे, असं म्हणून ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. आज कुठल्याही मोठ्या आयसीयूत रात्री उभे राहा. ‘मेरो चालू केलं का?’ हा प्रश्न ‘चहा झाला का?’ इतक्या सहज ऐकू येतो. फळी तीच, फक्त हाताला लागेल इतकी खाली आली.

तुम्ही त्या कड्याशी कसे वागता, हे मी डोळ्यांनी पाहतो. तुमच्या प्रथिनाच्या खाचेत जस्ताचे दोन अणू बसलेले असतात. ते पाण्याचा एक रेणू धरतात, त्याला धार लावतात आणि कड्यावर सोडतात. यावर आमची एक साधी तपासणी आहे. प्लेटवर जंतू सारवायचा आणि इमिपेनेमच्या दोन डिस्क ठेवायच्या. एकीवर ईडीटीएचे काही मायक्रोलिटर सोडायचे. ईडीटीए जस्त ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर नुसत्या डिस्कच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले आणि ईडीटीएवालीच्या भोवती स्वच्छ, पारदर्शक गोल. मोजपट्टी लावायची. दोन गोलांच्या व्यासात सात मिलिमीटर किंवा जास्त फरक भरला, की तुमच्या बिरादरीतलं कुणीतरी आत आहे हे ठरलं. नेमकं नाव पीसीआर सांगतो. जस्त काढून घेतलं की तुमचा पैलवान चटईवर आडवा. दुर्दैवानं पेशंटच्या रक्तातून असं जस्त काढून घेता येत नाही; ईडीटीए त्याच्या शरीरातले नको ते धातूही घेऊन जाईल.

आता नावाकडे येतो. तुमच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात करमणुकीचा.

२००८ साली स्वीडनमध्ये एका मूळच्या भारतीय रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. गृहस्थ त्याआधी दिल्लीच्या रुग्णालयात राहून आले होते. २००९ च्या डिसेंबरात शोधनिबंध आला आणि तुमचं बारसं झालं: न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात मोठा लेख आला. चेन्नईत ४४, हरियाणात २६, ब्रिटनमध्ये ३७, भारत-पाकिस्तानातल्या इतर ठिकाणी ७३ नमुन्यांत तुम्ही. ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णांनी भारत-पाकिस्तानची वारी केलेली.

मग जो गदारोळ झाला! संसदेत आवाज उठला. आमचं वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा डाव आहे, असं चॅनेलांवर तावातावानं सांगण्यात आलं. राजधानीचं नाव जंतूला? देशाची बदनामी! तुम्ही जंतू नसून जनुक आहात, हे समजावून सांगायला कुणाला फुरसत नव्हती. शेवटी २०११ च्या जानेवारीत लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नाव देण्यात चूक झाली म्हणून दिलगिरी व्यक्त केली. आम्ही जिंकलो. नाव मात्र तेच राहिलं, आणि तुम्हीही.

गंमत पाहा, तुमच्या बिरादरीत गावाची नावं लावण्याची चालच आहे. तुमच्या आधीचे व्हीआयएम हे वेरोनाचे. रोमिओ-ज्युलिएटचं गाव ते, पण तिथल्या नगरपालिकेनं निषेधाचा ठराव केल्याचं ऐकिवात नाही. एसपीएम साओ पाउलोचे. एसआयएम सोलचे. ही मंडळी आपापल्या देशात शांतपणे नांदतात, म्हणजे माणसं मारतात. रस्त्यावर आलो ते आम्हीच.

आणि बदनामीचंच म्हणाल, तर लॅन्सेटच्या त्या लेखाच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या मासिकात तुमच्याबद्दल छापलं होतं. कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये तुम्ही. चोवीसात बावीस! त्याच अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकांचा मृत्युलेख लिहिला होता. मंत्री हलले नाहीत, चॅनेलं हलली नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांनी मुंबईच्या पेशंटांबद्दल लिहिलेलं कुणाला झोंबणार? घरातल्यानं सांगितलं की ती कटकट, बाहेरच्यानं सांगितलं की तो अपमान. ही आमची रीत तुमच्या फार पथ्यावर पडली.

पुढच्याच वर्षी लॅन्सेटच्या लेखामागचे टिमोथी वॉल्श आणि त्यांचे सहकारी पुन्हा आले, या वेळी दिल्लीच्या पाण्याचे निकाल घेऊन. पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये तुम्ही. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये. एका जंतूतून दुसऱ्यात तुमची बदली ३० अंश तापमानाला सगळ्यात जोरात होते, असंही त्यांना दिसलं. दिल्लीत वर्षातले कितीतरी महिने तेवढं तापमान आयतं असतं. तुमच्यासाठी इन्क्युबेटरचं वीजबिलसुद्धा महानगरपालिकेला पडत नाही. यावर पुन्हा खुलासे, पुन्हा खंडन. साध्या माणसाला वाटावं की नळाला आणि गटाराला मध्ये एक भिंत हवी, ती बांधू या. पण भिंतीपेक्षा खंडन स्वस्त.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याबद्दल. तुमच्या नावावर आम्ही जेवढं भांडलो, त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं तुमच्या वाटेवर भांडलो नाही. आणि तुम्ही तर वाटेचेच धनी.

आधी जंतू ते जंतू ही वाट. दोन जंतू शेजारी आले की एक दुसऱ्याकडे बारीक नळी टाकतो, प्लाझ्मिडची एक प्रत पलीकडे जाते, मूळ जागच्या जागी राहतं. जातगोत आड येत नाही. आतड्यात गर्दी असतेच, तिथे रोज अशा भेटी घडतात. त्यातही तुम्ही कधी एकटे निघत नाही. एसटीत नवरदेवामागून अख्खं वऱ्हाड चढावं तसे तुमच्या प्लाझ्मिडवर बाकीचे बसलेले असतात: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मोडणारा सीटीएक्स-एम-१५, जेंटामायसिन-अ‍ॅमिकासिनला निष्प्रभ करणारे, सिप्रोफ्लॉक्सासिनपासून बचाव करणारे. तिकीट एकाचं काढलं तरी गाडी सगळ्यांना घेऊन निघते.

आणि हे तिकीट रोज आमच्या नाक्यावर निघतं. ‘मेडिकल’च्या काउंटरवर उभं राहावं आणि ऐकावं. ‘मागच्या वेळी दिलेल्या त्याच द्या, तीन दिवसांच्याच.’ ‘घसा धरलाय, जरा स्ट्राँग काहीतरी.’ ‘चिठ्ठी घरी राहिली.’ मेडिकलवाला पट्टीतून तीन गोळ्या कात्रीनं कापतो; औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते. सर्दीच्या विषाणूला ती गोळी काही करत नाही. पण आतड्यातल्या ज्या जंतूकडे तुमचं वऱ्हाड आहे त्याच्या आजूबाजूचे गरीब बिचारे साधे जंतू मरतात आणि त्याला ऐसपैस जागा होते. ती गोळी कार्बापेनेमची नव्हती, तरी पोसले गेलात तुम्ही. हे मी काउंटरवर एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. मागची रांग चिडली.

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेड्यूल एच-१ आलं, १ मार्च २०१४ पासून लागू. तुम्ही मोडता ती कार्बापेनेमं त्यात आहेत, वरची सेफॅलोस्पोरिनंही आहेत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. २०१६ साली पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम झाली: लाल रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. रेघ सुरेख आहे. पट्टी कापताना ती मधोमध कापली जाते, एवढंच.

एक मात्र सांगून ठेवतो, रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरला मी यात ओढणार नाही. समोर सेप्सिसमधलं नवजात बाळ आहे, दर तासाला परिस्थिती बिघडते आहे आणि माझ्याकडून कल्चरचा रिपोर्ट जायला दोन-तीन दिवस लागणार आहेत. त्यानं मेरो लावू नये तर काय करावं? तो हात धुतो का, हा प्रश्न रास्त आहे. पण एका नर्सकडे किती खाटा आहेत, बेसिन किती आहेत, त्यातल्या किती बेसिनांना पाणी आहे, हे प्रश्न त्याआधीचे आहेत. रुग्णालयात तुम्ही पेशंटकडून पेशंटकडे जाता ते हातावरून, नळीवरून, ओल्या बेसिनवरून. नव्या विंगचं उद्घाटन होतं तेव्हा फीत कापायला मंत्री येतात. ड्रेनेजची लाइन बदलली म्हणून फीत कापल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

कार्बापेनेम तुम्ही निकालात काढलंत, तेव्हा आम्ही काय केलं? अडगळीत गेलो. कोलिस्टिन नावाचं औषध होतं, १९४९-५० च्या सुमारास जपानमध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालेलं. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून सत्तरच्या दशकात ते जवळजवळ मोडीत काढलेलं. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते झाडूनपुसून परत आणलं. शेवटचा उपाय म्हणजे हा असा: जे पेशंटला देऊ नये असं एकदा ठरलं होतं, ते.

कोलिस्टिनचं काम त्या चार अणूंच्या कड्याशी संबंधित नाही, त्यामुळे तिथे तुमची मात्रा चालेना. क्लेब्सिएलाच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार असतो, कोलिस्टिनवर धन. ते जाऊन चिकटतं आणि आवरण फाडतं. पण तुमच्या यजमानांनी लगेच घरचा उपाय काढला. त्यांच्याकडे एमजीआरबी नावाचं ४७ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन आहे, आवरणाची रंगरंगोटी आटोक्यात ठेवणारं. ते जनुक मोडलं, बऱ्याचदा डीएनएचा एखादा उडता तुकडा मध्ये येऊन बसल्यानं, की आवरणावर नको तेवढे धन भार चढतात. कोलिस्टिनला चिकटायला जागाच राहत नाही. लक्षात घ्या, नवीन काही शिकावं लागलं नाही. एक लगाम तुटला, काम झालं.

तोवर एवढा तरी दिलासा होता की ही युक्ती ज्याची त्याच्यापाशी. प्लाझ्मिडवरून हस्ते परहस्ते जाणारी नव्हे. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून तुमचे मावसभाऊ एमसीआर-१ जाहीर झाले आणि तो दिलासाही गेला. हे थेट प्लाझ्मिडवर. कत्तलीच्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये. माणसाच्या आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून जपलेलं औषध जनावरांच्या खाद्यात मिसळलं जात होतं, वजन लवकर भरावं म्हणून. आमच्याकडच्या पोल्ट्र्यांतही ते जात होतं. ब्रॉयलर कोंबडी चाळीसेक दिवसांत विक्रीला तयार व्हावी लागते, तिच्या तब्येतीचा विचार करायला वेळ कुणाला? भारत सरकारनं खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. बंदी चांगलीच आहे. माणसांच्या आयसीयूत ते वाचवण्यासाठी कोंबडीच्या खाद्यातून काढावं लागलं, हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा तेवढंच विचित्र वाटलं.

आमच्या लॅबमध्ये कोलिस्टिन हे वेगळंच प्रकरण आहे. त्याचा रेणू मोठा, अगरमधून नीट पसरत नाही, म्हणून डिस्क ठेवून चालत नाही. विहिरी-विहिरींच्या प्लेटमध्ये औषधाचं प्रमाण दुप्पट दुप्पट वाढवत नेऊन कुठे वाढ थांबते ते पाहायचं. बरं, २०२० पासून अमेरिकन मानक संस्थेच्या तक्त्यात कोलिस्टिनपुढचा ‘एस’ हा रकानाच काढून टाकला आहे. ‘एस’ म्हणजे औषध लागू. आता उरलं ‘आय’ नाहीतर ‘आर’: मधलंच, किंवा मुळीच नाही. नातेवाईक रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, ‘यातलं चांगलं कुठलं?’ एका रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत ‘आर’ होते आणि तळाला कोलिस्टिनपुढे एक ‘आय’. तो रिपोर्ट घेऊन आलेल्या बाईंनी त्या ‘आय’वर बोट ठेवून मला विचारलं होतं, ‘म्हणजे होईल ना?’

तुमच्या परदेश दौऱ्यांपैकी एकच सांगतो. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या सत्तरीच्या एक बाई. भारतात मांडीचं हाड मोडलं, पुढे हाडात आणि खुब्यात जंतुसंसर्ग झाला, दोन वर्षांत इथल्या रुग्णालयांत वारंवार दाखल व्हावं लागलं. शेवटची खेप जून २०१६. ऑगस्टमध्ये त्या अमेरिकेत रुग्णालयात दाखल झाल्या, सप्टेंबरमध्ये गेल्या. जखमेतल्या क्लेब्सिएलावर २६ अँटिबायोटिकं तपासली, एकही लागू पडलं नाही. आत तुम्ही होतात. नंतरच्या तपासणीत फॉस्फोमायसिनचा थोडाफार उपयोग झाला असता असं दिसलं, पण अमेरिकेत ते फक्त लघवीच्या साध्या संसर्गासाठी, तोंडावाटे घ्यायलाच मंजूर होतं. शिरेतून द्यायचं फॉस्फोमायसिन इतर देशांत मिळत होतं. ज्या श्रीमंत देशानं पाहुण्याकडे बोट दाखवायला हवं होतं, त्याच्याच कपाटात ती बाटली नव्हती. हा विनोद तुम्हालाही आवडला असेल.

थोरामोठ्यांनीही तुमची दखल घेतली आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा जागतिक अंदाज आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत सगळ्यात वर कोण? कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला. पहिला नंबर! पेढे कुणी वाटले नाहीत, तेवढं समजून घ्या.

पण एनडीएमराव, तुमच्या एका उणिवेबद्दल बोलल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. अ‍ॅझट्रिओनाम. अमेरिकेत १९८६ सालचं औषध, कार्बापेनेमांपुढे दुय्यम ठरलेलं. त्याचं कडं तुमच्या खाचेत नीट बसत नाही आणि तुम्हाला ते मोडत नाही. एवढा दरारा तुमचा, आणि एक म्हातारं औषध समोरून निघून जातं! ते तुम्ही आजवर झाकून ठेवलंत ते वऱ्हाडाच्या जोरावर: तुमच्या गाडीतले सीटीएक्स-एम-१५ वगैरे अ‍ॅझट्रिओनामचा समाचार घेत होते. मग आमच्या लोकांनी अ‍ॅव्हिबॅक्टम काढलं. ते तुम्हाला काही करत नाही, पण तुमच्या वऱ्हाडाला बांधून ठेवतं. आता आयसीयूत सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम अशी इंजेक्शनं एकत्र लावतात. अ‍ॅव्हिबॅक्टम-अ‍ॅझट्रिओनामची तयार जोडीही युरोपात २०२४ साली, अमेरिकेत २०२५ साली मंजूर झाली. खर्च किती येतो, ते नातेवाइकांना विचारा.

हे लिहून मी जरा खुशीत होतो, तोवर ई. कोलायची आठवण झाली. भारतातल्या ई. कोलायनं तुमचे धाकटे भाऊ एनडीएम-५ घरात घेतलेच आहेत. शिवाय अ‍ॅझट्रिओनाम ज्या प्रथिनाला चिकटतं, त्यात अनेकदा चार अमिनो आम्लं जास्तीची घालून ठेवलेली सापडतात. तुम्हाला जे जमलं नाही, त्याची तजवीज यजमानांनीच केली.

यावर उतारा म्हणून झिडेबॅक्टमकडे पाहिलं जातं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, प्रयोगशाळेशी त्याचं नातं आहे. ते पेशीभित्तीच्या दुसऱ्याच एका प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तुमच्यानं मोडत नाही. आमच्या मराठवाड्यातून तुमच्यावर तोड निघावी, याचा आनंद मी लपवणार नाही. फक्त आमच्या लॅबमध्ये दुपारच्या डब्याला एक पैज लागली आहे: त्या औषधापुढे पहिलं ‘आर’ आम्ही कोणत्या महिन्यात टाइप करणार. मी आशावादी माणूस, मी सगळ्यात लांबचा महिना सांगितला आहे. मला हरवायचं नसेल तर थोडा दम धरा.

कळावे,
आपला,
प्लेटा वाचणारा एक जण